चारशे लिटर सर्दी

मंगळवारी सकाळी भुरके उठले तेव्हा त्यांचं नाक बंद होतं. आता नाक बंद होणं ही काही गोष्ट सांगण्यासारखी बाब नव्हे. लोकांची नाकं बंद होतात, उघडतात, कुणी त्याची दखलही घेत नाही. पण भुरक्यांचं नाक साधंसुधं नव्हतं. त्या नाकाच्या भरवशावर तीन म्हातारे मित्र परदेशात येऊन द्राक्षांचा मळा कसत होते, तळघरात तीन मोठी पिंपं भरून वाइन तयार होती, आणि शुक्रवारी मालकीणबाई ती चाखायला येणार होत्या.

भुरके हे त्यांचं आडनाव नाही, हेही सांगून टाकतो. एकतीस वर्षं ते एका चहाच्या कंपनीत चव पाहणारे होते. रोज सकाळी ऐंशी-नव्वद कप ओळीने मांडायचे, एकेका कपातला चमचाभर चहा असा जोरात भुरकायचा की शेजारच्या खोलीतला कारकून दचकावा, आणि मग थुंकून निकाल द्यायचा, "जुना माल", "ओल लागलीय", "पास". त्यांनी "पास" म्हटल्याशिवाय गोदामातून पोतं हलत नसे. "आयुष्यात मी वाईट कपाला चांगलं म्हटलेलं नाही," हे ते कुणी विचारलं नाही तरी सांगत. शाळेपासूनच्या दोन मित्रांनी त्यांचं नाव भुरके ठेवलं आणि पुढे बायकोसुद्धा चिडली की त्याच नावाने हाक मारायला लागली.

हे दोन मित्र म्हणजे इंजिनिअर आणि डॉक्टर. इंजिनिअर जन्मभर कारखान्यांचे बॉयलर सांभाळून निवृत्त झालेले. डॉक्टर दातांचे. तिघांनी साठीनंतर काय करायचं यावर बरीच वर्षं खल केला होता, आणि एकदा डॉक्टरांच्या तोंडून "द्राक्षाचा मळा" असं निघून गेलं. इंजिनिअर म्हणाले, पंप-टाक्या मी बघतो. डॉक्टर म्हणाले, स्वच्छता माझ्याकडे. राहता राहिली चव. ती बघायला भुरके होतेच. इंजिनिअरच्या जिभेचा तीस वर्षांच्या सिगरेटींनी कधीच निकाल लावला होता, आणि डॉक्टरांना जगात न आवडलेला पदार्थ अजून सापडायचा होता.

मळा सात एकरांचा, उतारावरचा. मालकीणबाई एकोणऐंशी वर्षांच्या, रस्त्यापलीकडच्या दगडी घरात एकट्या राहायच्या. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांनी मळा एका वर्षापुरताच कसायला दिला होता आणि अट स्पष्ट सांगितली होती. पहिली वाइन त्या स्वतः चाखणार. बरी निघाली तर दहा वर्षांचा करार. नाही तर त्यांचा पुतण्या टपून बसलेलाच होता. त्याला वेली उपटून तिथे सुट्टीवर येणाऱ्यांच्या फिरत्या घरांसाठी तळ करायचा होता. पन्नाशीचा हा गृहस्थ खिशात मोजपट्टी घेऊनच फिरायचा आणि आत्ताच वेलींच्या रांगांमधून मापं घेत असायचा.

करार हुकला तर इंजिनिअर-डॉक्टरांचं काय व्हायचं ते होवो, भुरक्यांचं काय होणार हे भुरक्यांना पक्कं माहीत होतं. मुलाच्या फ्लॅटच्या बाल्कनीत त्यांच्यासाठी एक वेताची खुर्ची ठेवलेली होती. निवृत्तीनंतरची दोन वर्षं त्यांनी त्या खुर्चीत काढली होती, खालच्या गाड्या मोजत. इथे मात्र ते थंडीत छाटणी करून, हातांना घट्टे पाडून घेऊन, जेवायला बसत तेव्हा पोळी कमी पडत असे. त्रेसष्टाव्या वर्षी माणूस परत कुणाच्या तरी उपयोगाचा झाला होता. त्यांना त्या खुर्चीत परत जायचं नव्हतं.

आणि नेमकं आता नाक बंद.

"वाफ घ्या, दोन दिवस अंथरुणात पडा," बायको म्हणाली.

"अगं, उद्या मिश्रण ठरवायचंय. कुणाला कळता कामा नये."

"तुमचा आवाज ऐकून भिंतीला पण कळेल."

तेवढ्यात इंजिनिअर दारात आले. "काय रे भुरक्या, बरं नाही वाटतं?"

"बला?" भुरके ताठ उभे राहिले. "बला काही झालेलं दाही."

"मग असा का बोलतोयस?"

"गार पाणी प्यालो. घसा बसलाय."

बायकोने कपाळाला हात लावला. इंजिनिअर गेल्यावर तिने बामची डबी आणली आणि नाकाला, कपाळाला, छातीला, अगदी मिशीलासुद्धा चोळून दिला. घरून निघताना तिने डझनभर डब्या आणल्या होत्या. परदेशात काय मिळेल, काय नाही, याची तिला खात्री नव्हती. "खिशात ठेवा. तासातासाने लावा," असं बजावून डबी तिने त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकली. डबीच्या झाकणाचे आटे गेलेले होते, पण तिकडे कोण बघतो.

बुधवारी तिघं तळघरात जमले. एक, दोन, तीन अशी पिंपं. कुठल्या पिंपातली किती घ्यायची आणि मोठ्या स्टीलच्या टाकीत मिसळायची, हे भुरक्यांनी सांगायचं होतं. भुरक्यांनी पहिला घोट असा भुरकला की तळघर घुमलं. चव? कोमट पाणी. दुसरा घोट, कोमट पाणी. तिसरा घेताना तर त्यांना खोकलाच आला.

"बोल की," इंजिनिअर म्हणाले.

भुरके एकतीस वर्षांचे मुरलेले. त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. "आधी तुम्ही सांगा. वर्षभरात काय शिकलात ते मला बघायचंय."

इंजिनिअरनी तिन्ही चाखून खिशातली वही काढली. "एक नंबर आंबट. दोन नंबर आंबट. तीन नंबर तुरट. लिहून घेऊ?"

"आणि तू?"

"मला तिन्ही आवडल्या," डॉक्टर म्हणाले.

"त्यातली जास्त कुठली?"

"शेवटची. म्हणजे मी जी शेवटी प्यालो ती."

या दोघांच्या जोरावर मळा राखणं म्हणजे अवघडच होतं. भुरक्यांनी "जरा विचार करून येतो" म्हणत तीन छोट्या बाटल्या स्वेटरखाली दडवल्या आणि तडक स्वयंपाकघर गाठलं.

"मी पिणार नाही हां," बायको म्हणाली. "नुसता वास घेईन."

"तेवढंच हवंय."

तिने हात पुसले आणि पहिली बाटली नाकाशी नेली. "ओली छत्री मिटून चार दिवस कोपऱ्यात ठेवली ना, तसं." दुसरी नेली आणि तिचा चेहरा उजळला. "हे छान आहे हो! पिकलेल्या आलुबुखारसारखं." तिसरीला थोडी थांबली. "लाकडी कपाट उघडल्यासारखं. वाईट नाही, पण फार नको."

भुरके बघतच राहिले. कंपनीत त्यांच्या हाताखाली सहा सहा वर्षं शिकलेल्या पोरांना एवढं नेमकं सांगता येत नसे. "तू हे कुठे शिकलीस?"

"पस्तीस वर्षं तुमचे डबे धुतेय. झाकण उघडलं की कळतं आत काय नासलंय. व्हा बाजूला, भाजी करपेल."

खाली येऊन भुरक्यांनी डोळे मिटले, एक जंगी भुरका मारला, थुंकले आणि निकाल दिला. "दोन नंबर पूर्ण. तीन नंबर निम्मं. एक नंबर पाव. बास." दोघा मित्रांनी एकमेकांकडे कौतुकाने पाहिलं. इंजिनिअरनी पंप सुरू केला आणि टाकीत चारशे लिटर वाइन जमा झाली.

आता इथवर सगळं निभावलं होतं. भुरके वर येऊन झोपले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण माणसाला राहवत नाही. आपल्या हातून झालेल्या मिश्रणाचा एवढासा तरी वास यावा म्हणून ते शिडीवर चढले, टाकीच्या तोंडावर वाकले आणि छातीपर्यंत आत शिरले. काही नाही. आणखी वाकले. तेव्हा सदऱ्याच्या वरच्या खिशातली डबी सुळकन घसरली आणि डुबुक करून आत गेली. भुरक्यांचे कानही सर्दीने बंद होते. इंजिनिअरचा पंप घरघरत होता. डॉक्टर पलीकडे बादल्या घासत होते. म्हणजे तुम्ही-आम्ही सोडून हे कुणालाच कळलं नाही. आटे गेलेलं झाकण आत जाताच निघालं, आणि बामने आपलं काम सुरू केलं.

गुरुवारी सकाळी इंजिनिअरनी टाकीचं झाकण उघडलं आणि नाकाला झिणझिण्या आल्या. जीभ गेली असली तरी हा वास मेलेल्या माणसाला उठवेल असा होता. पंपाची नळी! दुकानदार शंभरदा म्हणाला होता, ही बागेला पाणी घालायची आहे, खाण्यापिण्याच्या वस्तूंना वापरू नका. आणि इंजिनिअरनीच "चालतंय हो" म्हणून ती आणली होती. त्यांनी गुपचूप नळी काढली आणि लाकडाच्या ढिगामागे लपवली.

अर्ध्या तासाने डॉक्टर आले. त्यांनी वास घेतला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. टाकी त्यांनीच धुतली होती, आणि नुसत्या पाण्यावर समाधान न होऊन दवाखान्यातून आणलेलं गुळण्या करायचं औषध त्यात ओतलं होतं. त्यांनी ती बाटली पालापाचोळ्याच्या खड्ड्यात पुरली. परतताना त्यांना इंजिनिअर भेटले, तेही मागच्या बाजूने येत होते.

"काय रे, मिश्रण कसं वाटतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"सुंदर! तुला?"

"अप्रतिम. म्हणजे, वेगळंच आहे."

"वेगळं तर आहेच."

दोघं घाईघाईने आपापल्या वाटेला लागले. भुरक्यांनी खिडकीतून एवढंच ऐकलं, "सुंदर", "अप्रतिम", आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते काही अंशी सर्दीचं होतं.

बायको त्या दिवशी तळघरात लसूण आणायला गेली. वर येऊन म्हणाली, "खाली बामचा केवढा वास सुटलाय! तुमच्या मिशीचा असणार. आणि डबी कुठाय?"

"पडली असेल कुठेतरी."

"वेंधळे ते वेंधळेच," म्हणून तिने दुसरी डबी काढली.

शुक्रवारी अकरा वाजता मालकीणबाई आल्या. काळा कोट, हातात काठी, मागे पुतण्या मोजपट्टीसकट. त्या तिकडच्या भाषेत बोलत. आपले तिघं वर्षभरात ती कामापुरती शिकले होते. पुतण्याने तळघराच्या दाराची रुंदी मोजली. त्याला इथे न्हाणीघरं काढायची होती.

भुरक्यांनी ग्लास भरला. इंजिनिअर छताकडे बघत होते. डॉक्टर बुटांकडे. मालकीणबाईंनी ग्लास नाकाशी नेला आणि त्या थांबल्या. किती वेळ! पुतण्याने पट्टी खेचली आणि परत आत सोडली. बाईंनी डोळे मिटले. मग एक घोट घेतला. मग, आश्चर्य म्हणजे, दुसरा घेतला. डोळे उघडले तेव्हा ते ओले होते.

"ही कुणी केली?"

इंजिनिअर आणि डॉक्टर, दोघांनी एकदम भुरक्यांकडे बोट दाखवलं. संकटाच्या वेळी शाळेतही ते असंच करायचे.

"मी," भुरके म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग पुतण्याकडे वळल्या. "पट्टी आत टाक. उद्या मी कागद करून ठेवते." आणि घरी न्यायला एक मोठा चंबू भरून घेतला.

त्या गेल्यावर इंजिनिअर पिंपावरच बसले. डॉक्टर हसायला लागले ते थांबेचनात. भुरके मात्र शांत होते. त्यांना वाटत होतं, नाक नसतानाही हात चुकला नाही. एकतीस वर्षं फुकट गेली नाहीत. दुपारभर ते वेलींच्या रांगांमधून हात मागे बांधून फिरले आणि एकेका वेलीला उगाच हात लावत राहिले.

शनिवारी सकाळी त्यांचं नाक उघडलं. आधी चहा आला, मग भाजलेला पाव, मग बायकोच्या ओल्या केसांचा वास. भुरके चप्पल न घालताच तळघरात धावले. तोटी उघडली, ग्लासात घेतलं, जोरदार भुरकले.

आणि असे थुंकले की समोरची भिंत रंगली.

"इंजिनिअर! डॉक्टर! वर काय करताय? खाली या!"

दोघं आले. भुरके पांढरेफटक पडले होते. "हे काय आहे?"

"माझी चूक आहे," डॉक्टर म्हणाले. "गुळण्यांचं औषध."

"नाही, माझी," इंजिनिअर म्हणाले. "बागेची नळी."

"म्हणजे तुम्हाला दोघांना माहीत होतं? आणि तुम्ही सुंदर-सुंदर करत होता?"

"अरे, तू चव घेतलेली होतीस," इंजिनिअर म्हणाले. "तू पास केलंस. आम्ही म्हटलं, भुरक्याला कळलं असणार, त्यातच काहीतरी असेल."

भुरके मटकन बसले. "मला काही कळत नव्हतं. मंगळवारपासून माझं नाक बंद होतं."

इंजिनिअरनी टाकीत लांब काठी घालून ढवळलं. तळाशी काहीतरी खणकन वाजलं. इंजिनिअरच ते. त्यांनी दोरीला लोहचुंबक बांधून आत सोडला आणि डबी वर काढली. आत बामचा कणही उरला नव्हता, घासून ठेवल्यासारखी लख्ख होती.

"चला, सुटलो," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे माझं औषध नव्हतंच. मी उगाच दोन रात्री झोपलो नाही. भुरक्या, बाईंना आवडलीय, आज कागद होतोय. तोंड बंद ठेव."

"बरोबर आहे," इंजिनिअर म्हणाले. "दहा वर्षांचा प्रश्न आहे. पुढच्या वर्षी चांगली करू."

भुरक्यांनी डबी उचलली. त्यांना बाल्कनीतली खुर्ची दिसत होती, अगदी वेताच्या एकेका पट्टीसकट. गप्प बसायला काहीच लागणार नव्हतं. नुसतं गप्प बसायचं.

"मी वाईट कपाला कधी चांगलं म्हटलेलं नाही रे," ते हळूच म्हणाले, आणि रस्ता ओलांडायला निघाले. मागून दोघं मित्र "भुरक्या! अरे भुरक्या!" करत राहिले, पण अडवायला कुणी आलं नाही.

मालकीणबाई स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. समोर करार पसरलेला, सही व्हायची होती. शेजारी चंबू, निम्मा रिकामा. भुरक्यांनी डबी टेबलावर ठेवली आणि मोडक्यातोडक्या भाषेत सगळं सांगितलं. नाक बंद असल्याचं, बायकोने वास घेतल्याचं, शिडीवरून वाकल्याचं. "ही वाइन नाही. हे औषध आहे. तुम्ही फसू नका," असं म्हणून त्यांनी मान खाली घातली.

"बसा," बाई म्हणाल्या. "मी साठ वर्षं वाइन करतेय. तुम्हाला काय वाटलं, मला बाम कळत नाही?"

भुरक्यांनी मान वर केली.

"नासवलीत तुम्ही. भिकार आहे. बामच्या खालचं मिश्रण चांगलं आहे, ते मात्र कळतं. तुमच्या बायकोला सांगा, पुढच्या वर्षी तिनेच ठरवायचं."

"पण मग काल तुम्ही..."

बाईंनी डबी हातात घेतली, नाकाशी नेली, परत ठेवली. "माझ्या नवऱ्याला दर थंडीत सर्दी व्हायची. छातीला असाच बाम चोळायचा आणि तसाच तळघरात जायचा. मी ओरडायची. अकरा वर्षांत त्या तळघरातून हा वास आला नव्हता. काल ग्लास नाकाशी नेला, आणि वाटलं, वळून पाहिलं तर तो दारात उभा असेल." त्यांनी नाक पुसलं. "पण कागद काही त्यासाठी करत नाहीये मी. या खिडकीतून मला अख्खा मळा दिसतो. एवढ्या थंडीत, या वयात, तुम्ही रोज वेली बघायला जात होता. ते बघून सोमवारीच ठरवलं होतं मी. पुतण्याला सांगायला फक्त निमित्त हवं होतं."

आणि त्यांनी सही केली. एवढ्या वर्षांत भुरक्यांना कुणीच "पास" म्हटलं नव्हतं. तो शब्द नेहमी त्यांनीच इतरांना दिलेला. त्यांनी डोळे पुसले, आणि या वेळी सर्दीचा काही संबंध नव्हता.

"उरलेली पिंपं मी येऊन बघते. तेवढी विकता येतील," बाई म्हणाल्या.

"आणि टाकीतली? आजच ओतून देतो."

"खबरदार!" बाईंनी काठी आपटली. "ती सगळी इकडे पाठवा."

"चारशे लिटर?"

"रात्री झोपताना एक छोटा ग्लास. मी हिशेब केलाय. सात वर्षं पुरेल." त्यांनी चंबूतून स्वतःसाठी थोडी ओतून घेतली आणि खिडकीबाहेर, उतारावरच्या वेलींकडे बघत म्हणाल्या, "आणि पुढचं काय? तोवर तुम्हाला परत एकदा सर्दी होईलच की."